म्हातारपण अभ्यासक्रमात कसे आले : वैद्यकीय शिक्षण आणि वृद्ध रुग्ण यांचा एक छोटा इतिहास



हे टिपण ‘विज्ञान, तंत्रज्ञान आणि समाज’ या ऐच्छिक विषयासाठी आहे. मी डॉक्टर नाही. गाझियाबादच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकवतो. त्यामुळे इथे औषधोपचाराचा सल्ला शोधू नका. आपल्याला पाहायचा आहे तो अभ्यासक्रमाचा इतिहास. कोणताही अभ्यासक्रम म्हणजे एक रचनाच असते. यंत्र बनवणाऱ्याच्या डोक्यात जसा एक वापरणारा माणूस असतो, तसा अभ्यासक्रम बनवणाऱ्यांच्या डोक्यात एक रुग्ण असतो. तो रुग्ण किती वर्षांचा आहे, त्याला वाचता येते का, त्याला घरातून इथवर कोणी आणले, या गोष्टी कुठेही लिहिलेल्या नसतात, पण गृहीत धरलेल्या असतात.

सुरुवातीला एक साधी गोष्ट लक्षात घ्या. आपल्या देशात एमबीबीएसच्या विद्यार्थ्याला शेवटच्या टप्प्यात बालरोगशास्त्र हा स्वतंत्र विषय असतो. त्याची स्वतंत्र परीक्षा असते. वृद्धांच्या आजारांचा असा स्वतंत्र विषय नाही. आयुष्याच्या एका टोकाला वेगळे पुस्तक आहे आणि दुसऱ्या टोकाला नाही. हे असे का झाले?

एक जुनी विभागणी

वर्गात हा प्रश्न विचारला की कोणीतरी आयुर्वेदाचे नाव घेतेच, आणि ते योग्यही आहे. आयुर्वेदाची आठ अंगे सांगितली आहेत. त्यांत कौमारभृत्य, म्हणजे बालकांची चिकित्सा आहे, तसेच जरा किंवा रसायन हेही एक अंग आहे. दोन्ही टोकांना तिथे जागा होती.

पण यावरून ‘आमच्याकडे सगळे आधीच होते’ असा निष्कर्ष काढू नका. रसायनतंत्राचा भर म्हातारपण लांबवण्यावर, बळ आणि स्मृती टिकवण्यावर आहे. अंथरुणाला खिळलेल्या, लघवीवर ताबा नसलेल्या, रात्री उठून बडबडणाऱ्या माणसाचे रोज काय करायचे हा प्रश्न वेगळा आहे. तो शतकानुशतके वैद्याचा मानलाच गेला नाही. तो घरातल्या बायकांचा मानला गेला, आणि घर नसेल तर धर्मादाय संस्थेचा. पुण्यात १८६० च्या दशकात डेव्हिड ससून यांच्या देणगीतून अनाथ पंगुगृह उभे राहिले. आज ते ‘निवारा’ या नावाने ओळखले जाते. ‘अनाथ’ आणि ‘पंगू’ हे शब्द पाहा. म्हातारपण तिथे आजार म्हणून येत नाही, निराधारपण म्हणून येते.

दोन डॉक्टर

‘जेरियाट्रिक्स’ हा शब्द १९०९ मध्ये न्यूयॉर्कमध्ये तयार झाला. तो घडवणारे इग्नाट्झ नॅशर हे मूळचे व्हिएन्नाचे. त्यांच्याबद्दल एक गोष्ट नेहमी सांगितली जाते. विद्यार्थी असताना ते एका गरीबखान्यात शिक्षकांसोबत फेरी मारत होते. एक म्हातारी आपले दुखणे सांगू लागली. तिला काय झाले आहे असे विचारल्यावर शिक्षकांनी सांगितले, म्हातारपण. मग काय करायचे? काहीच नाही. नॅशर यांना हे उत्तर पटले नाही. मुलांच्या आजारांसाठी ‘पीडियाट्रिक्स’ असेल तर म्हाताऱ्यांच्या आजारांसाठी तसाच शब्द हवा, या तर्काने त्यांनी ग्रीक धातूंवरून नवा शब्द बनवला. १९१४ मध्ये त्यांचा ग्रंथ आला आणि त्याची प्रस्तावना लिहिली अब्राहम जेकोबी यांनी. जेकोबी हे अमेरिकेतल्या बालरोगशास्त्राचे जनक मानले जातात. म्हणजे नव्या विषयाला ओळख मिळाली ती बालरोगशास्त्राच्या हातून.

शब्द झाला, तरी काम उभे राहायला आणखी वीस-पंचवीस वर्षे लागली. १९३५ मध्ये लंडनजवळच्या वेस्ट मिडलसेक्स रुग्णालयाला शेजारच्या गरीबखान्याचा दवाखाना जोडला गेला, आणि तिथल्या ७१४ खाटांची जबाबदारी डॉ. मार्जरी वॉरन यांच्याकडे आली. तिथे अनेक रुग्ण वर्षानुवर्षे पडून होते. कोणाला नक्की कोणता आजार आहे याची नोंदही धड नव्हती. वॉरन बाईंनी काय केले? प्रत्येकाला नीट तपासले. अगदी एवढेच, पण ते आधी कोणी केले नव्हते. ज्यांना उठवून चालवता येईल त्यांना चालवले, ज्यांना घरी पाठवता येईल त्यांना पाठवले, उरलेल्यांचे गट केले. भिंतींना उजळ रंग दिला, दिवे वाढवले, हाताला धरायला कठडे लावले. पुढे साधारण २४० खाटांवर काम भागू लागले.

अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांनी इथे थोडे थांबावे. या बदलात नवे औषध एकही नव्हते. प्रकाश, खाटेची उंची, कठडा, सरावाचे वेळापत्रक आणि निदान, एवढ्यावर माणसे उठून बसली.

वॉरन यांचा १९४३ चा लेख आपल्या विषयासाठी सर्वांत महत्त्वाचा. जुनाट आजारी वृद्धांना वेगळ्या, दूरच्या इमारतीत न ठेवता सर्वसाधारण रुग्णालयातच त्यांचा विभाग असावा, असे त्यांनी मांडले. त्यांचे एक कारण शिक्षणाचे होते : वृद्ध रुग्ण दूर राहिले, तर वैद्यकीय विद्यार्थी आणि परिचारिका त्यांना पाहणारच नाहीत, आणि जे पाहिले नाही ते शिकणार कसे? ब्रिटनमध्ये या विषयाचे पहिले अध्यासन ग्लासगो विद्यापीठात १९६५ मध्ये सुरू झाले, फर्ग्युसन अँडरसन यांच्यासाठी.

वृद्धांच्या वैद्यकात वेगळे शिकण्यासारखे आहे तरी काय, असे तुम्ही विचाराल. एक उदाहरण घेऊ. रक्तदाबाची एक नेहमीची गोळी काही जणांच्या पायांना सूज आणते. सूज पाहून दुसरा डॉक्टर लघवी वाढवणारी गोळी देतो. आता आजोबांना रात्री तीनदा उठावे लागते. अंधारात, ओल्या फरशीवर, ते पडतात. मांडीचे हाड मोडते. रुग्णालयात नोंद होते ‘पडल्यामुळे अस्थिभंग’. मूळ कारण पहिल्या गोळीत होते. नियंत्रण प्रणाली शिकलेल्यांना ही साखळी ओळखीची वाटेल. प्रत्येकाने आपापला दोष दुरुस्त केला आणि संपूर्ण प्रणाली बिघडली. शिवाय वृद्ध शरीरात आजाराची खूणही बदलते. हृदयविकाराचा झटका छातीत न दुखता येऊ शकतो, न्यूमोनिया ताप न येता होऊ शकतो आणि त्याची पहिली खूण ‘आजी कालपासून काहीतरीच बोलतेय’ एवढीच असू शकते. तिशीतल्या रुग्णावर शिकलेला डॉक्टर इथे चुकतो.

भारताने हा विषय उशिरा का घेतला

इथे इतिहासाच्या विद्यार्थ्याने घाईने दोष देऊ नये. १९४६ च्या भोर समितीच्या अहवालात भारतीयांच्या जन्मवेळच्या अपेक्षित आयुष्याचा आकडा आहे : पुरुषांसाठी २६.९१ वर्षे, स्त्रियांसाठी २६.५६. बालमृत्यूचा आकडा आहे १९३७ चा, दर हजारी १६२. हा अहवाल स्वतंत्र भारताच्या आरोग्यव्यवस्थेचा आणि वैद्यकीय शिक्षणाचा पाया ठरला. ज्या देशात हजारातली १६२ बाळे वर्षभरात जात होती, तिथे समितीने आधी बाळाकडे आणि बाळंतिणीकडे पाहिले यात नवल नाही. मुंबईत परळला बाई जेरबाई वाडिया बालरुग्णालय १९२९ मध्येच उभे राहिले होते.

पण या आकड्याचा एक सापळा आहे आणि परीक्षेत विद्यार्थी त्यात हमखास अडकतात. अपेक्षित आयुष्य २७ वर्षे म्हणजे सगळे २७ व्या वर्षी मरत होते असे नाही. बालपणीच्या मृत्यूंमुळे सरासरी खाली ओढली जाते. जे बालपणातून वाचले त्यांच्यातले बरेच जण साठी ओलांडत. १९५१ च्या जनगणनेत साठीच्या पुढची माणसे साधारण दोन कोटी होती. महर्षी धोंडो केशव कर्वे यांना १९५८ मध्ये शंभराव्या वर्षी भारतरत्न मिळाले. म्हातारी माणसे होती. त्यांची गणना सरासरीत दिसत नव्हती, एवढेच.

२०११ च्या जनगणनेत साठीपुढची माणसे दहा कोटींच्या वर गेली, लोकसंख्येच्या ८.६ टक्के. दोन कोटी ते दहा कोटी, साठ वर्षांत. अभ्यासक्रम मात्र त्या वेगाने बदलला नाही.

सुरुवात झाली ती मद्रासमध्ये. डॉ. व्ही. एस. नटराजन यांनी ब्रिटनमध्ये या विषयाचे प्रशिक्षण घेतले आणि १९७८ मध्ये तिथल्या शासकीय सर्वसाधारण रुग्णालयात वृद्धांसाठी बाह्यरुग्ण विभाग सुरू केला. मद्रास मेडिकल कॉलेजात या विषयातली एमडी पदवी सुरू व्हायला १९९६ उजाडले. दिल्लीच्या ‘एम्स’मध्ये स्वतंत्र विभाग २०१२ मध्ये झाला. दरम्यान १९९९ चे ज्येष्ठ नागरिकांविषयीचे राष्ट्रीय धोरण आणि २००७ चा आईवडील व ज्येष्ठ नागरिक निर्वाह कायदा आला. २०१०-११ मध्ये वृद्धांच्या आरोग्यसेवेचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला, आणि त्यात देशभर आठ प्रादेशिक केंद्रे ठरली. मुंबईचे ग्रँट मेडिकल कॉलेज व जे. जे. रुग्णालय त्यांपैकी एक. उत्तर प्रदेशासाठी वाराणसीचे बनारस हिंदू विद्यापीठ. आम्हा गाझियाबादकरांना वाराणसी दूर आणि दिल्लीचे ‘एम्स’ जवळ, म्हणून इथली म्हातारी माणसे नातवाच्या मोटरसायकलवर नाहीतर मेट्रोने दिल्लीची रांग गाठतात.

बल्लभगढचे प्रश्न

आता या टिपणाच्या मुख्य भागाकडे येऊ. त्यासाठी गाझियाबादहून दिल्लीच्या दुसऱ्या अंगाला, हरियाणात बल्लभगढला जावे लागेल. तिथे ‘एम्स’चा ग्रामीण आरोग्य प्रकल्प १९६५ पासून चालू आहे, आणि वैद्यकीय विद्यार्थी ग्रामीण आरोग्य शिकायला तिथे जातात. १९९० च्या दशकात या गावांमध्ये भारत आणि अमेरिका यांचा एक संयुक्त अभ्यास झाला. प्रश्न होता, इथल्या वृद्धांमध्ये स्मृतिभ्रंश किती जणांना आहे, आणि अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या मोनोन्गाहेला खोऱ्याशी तुलना केली तर काय दिसते.

मोजायला उपकरण लागते. जगभर वापरली जाणारी चाचणी १९७५ ची होती, मिनी मेंटल स्टेट एक्झामिनेशन नावाची, तीस गुणांची. तिच्यात काय होते ते पाहा. आज कोणते साल? आपण कोणत्या मजल्यावर आहोत? शंभरातून सात वजा करत जा. एक वाक्य लिहा. कागदावर लिहिलेली सूचना वाचा आणि तसे करा.

बल्लभगढच्या अभ्यासात ५५ वर्षे व त्यापुढची ५,१२६ माणसे होती आणि त्यांतली ७३.३ टक्के निरक्षर होती. त्यांच्यापुढे हा कागद ठेवला असता तर काय झाले असते? आयुष्यभर वीस म्हशींचा हिशेब तोंडी ठेवणारी बाई स्मृतिभ्रंशाची रुग्ण ठरली असती. उपकरणातली त्रुटी माणसाच्या डोक्यातली त्रुटी म्हणून नोंदली गेली असती.

म्हणून पिट्सबर्ग विद्यापीठाच्या मेरी गांगुली आणि त्यांच्या भारतीय सहकाऱ्यांनी चाचणीची हिंदी आवृत्ती बनवली. ती १९९५ मध्ये प्रसिद्ध झाली. तिला भाषांतर म्हणणे चुकीचे होईल. प्रत्येक प्रश्न कशासाठी आहे हे आधी ठरवले आणि मग त्याच कामासाठी गावातला प्रश्न शोधला. सालाऐवजी, आत्ता सकाळ आहे, दुपार की संध्याकाळ? इमारतीच्या मजल्याऐवजी, तुमचे गाव कोणत्या डाकघराखाली येते? शंभरातून सात वजा करण्याऐवजी आठवड्याचे वार उलटे म्हणा. हेतू तोच : मनात एक क्रम धरून ठेवून त्यावर उलटे काम करणे. लक्षात ठेवायचे तीन शब्द कोणते? आंबा, खुर्ची, नाणे. इंग्रजीत जिभेची कसोटी पाहणारे ‘नो इफ्स, अँड्स ऑर बट्स’ असे वाक्य होते. त्याचा हिंदीत काही उपयोग नव्हता, म्हणून ‘ना ये, ना वो’. वाचून डोळे मिटण्याऐवजी, माझ्या चेहऱ्याकडे पाहा आणि मी करतो तसे करा. वाक्य लिहिण्याऐवजी, तुमच्या घराबद्दल एक वाक्य सांगा.

ही यादी मी दरवर्षी वर्गात फळ्यावर लिहितो. तपशिलाने आराखडा बनवणे म्हणजे काय हे शिकवायला मला याहून चांगले उदाहरण सापडलेले नाही.

तरीही प्रश्न संपत नाहीत, आणि हे मला घरातच दिसले. माझी आई आमच्याकडे गाझियाबादला राहायला आली, तेव्हा तिला इथल्या एका दवाखान्यात नेले होते. डॉक्टरांनी चांगल्या हेतूनेच विचारले, ‘माताजी, आज तारीख क्या है?’ आई म्हणाली, ‘आज संकष्टी.’ त्यांनी महिना विचारला. ती म्हणाली श्रावण. बाजूच्या परिचारिका हसल्या, कारण त्यांच्या हिशेबाने भादो लागला होता. कोण बरोबर? दोघेही. महाराष्ट्रात महिना अमावास्येला संपतो, उत्तरेत पौर्णिमेला. त्यामुळे वद्य पक्षात आपला श्रावण तो त्यांचा भाद्रपद. कृष्णजन्म आपण श्रावण वद्य अष्टमीला साजरा करतो, तेच इथले लोक भाद्रपद कृष्ण अष्टमीला, दिवस एकच. हिंदीतली चांगली चाचणीसुद्धा एका मराठी आजीचा एक गुण कापू शकते, तेही तिचे पंचांग चोख असताना. डॉक्टरांनी नंतर तिला गावाचे नाव, तालुका, जिल्हा विचारला, तेव्हा ती एकदम खुलली आणि त्यांनाच एसटीच्या वेळा सांगू लागली.

अभ्यासाचा निकाल काय आला? बल्लभगढमध्ये ५५ वर्षांपुढील लोकांत स्मृतिभ्रंशाचे प्रमाण ०.८४ टक्के, ६५ पुढे १.३६ टक्के. अमेरिकेच्या मानाने फार कमी. यावर बराच खल झाला. अल्झायमरचा धोका वाढवणारा एक जनुकप्रकार इथे कमी आढळला, हे एक कारण. आजारी माणूस लवकर दगावत असेल, हे दुसरे. तिसरे कारण मला सर्वांत विचार करायला लावणारे वाटते. आपल्या घरात म्हाताऱ्या माणसाकडून कोणी फार अपेक्षाच ठेवत नाही. हिशेब मुलगा बघतो, स्वयंपाक सून करते. मग आजोबांना हिशेब जमेनासा झाला हे कळणार कोणाला? निदानासाठी ‘रोजच्या कामात अडचण’ ही अट असते. काम नाही तर अडचणही नाही. म्हणून त्याच प्रकल्पात रोजच्या कामांची एक वेगळी मोजपट्टी बनवावी लागली, गावातल्या वृद्धांकडून घरचे लोक काय अपेक्षा ठेवतात हे विचारून.

पुढे २०१७-१८ मध्ये मुंबईच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने ‘लासी’ हे देशव्यापी सर्वेक्षण केले. ४५ वर्षांपुढील ७२ हजारांहून अधिक लोकांचे. त्याला जोडून ‘एम्स’च्या सहभागाने झालेल्या स्मृतिभ्रंशाच्या अभ्यासाने ६० वर्षांपुढील लोकांत ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख माणसे, असा अंदाज २०२३ मध्ये दिला. हे दोन आकडे शेजारी ठेवून ‘आजार नऊपट वाढला’ असे उत्तरपत्रिकेत लिहू नका. वयोगट वेगळे, निकष वेगळे, प्रदेश वेगळा, काळ वेगळा. पण एवढे नक्की की पहिला आकडा वाचून ‘हा पाश्चात्त्यांचा आजार, आपल्या एकत्र कुटुंबात होत नाही’ असे जे बोलले जाई, त्याला आता आधार राहिला नाही.

२०१९ चा अभ्यासक्रम आणि सेवाग्रामचा धडा

२०१९ पासून देशात एमबीबीएसचा क्षमताधिष्ठित अभ्यासक्रम लागू झाला. औषधवैद्यकात वृद्धोपचार हे एक प्रकरण आले. पडणे, हाडे ठिसूळ होणे, नैराश्य, स्मृतिभ्रंश, अचानक होणारा संभ्रम हे त्यात आहेच. त्याबरोबर एकटेपण, वृद्धांचा छळ, बदललेले कुटुंब, वृद्धाश्रम आणि सरकारी योजना यांचीही माहिती विद्यार्थ्याला असावी असे म्हटले आहे. वृद्ध रुग्णाची वैद्यकीय, मानसिक-सामाजिक आणि कार्यक्षमतेची अशी एकत्रित तपासणी करता यावी, ही त्यातली मध्यवर्ती अपेक्षा. वॉरन बाईंनी जे १९३५ मध्ये केले ते आता आपल्या मुलांना येणे अपेक्षित झाले.

कागदावर आले, शिकवणार कोण? या विषयाचे एमडी झालेले शिक्षक मोजक्या महाविद्यालयांत आहेत. छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय महाविद्यालयासारखी जिथे या विषयाचा स्वतंत्र विभाग आहे अशी ठिकाणे थोडी. बाकी ठिकाणी औषधवैद्यकाचे शिक्षक इतर प्रकरणांसोबत हेही उरकतात. माझ्या मते या विषयाची खरी अडचण इथे आहे, अभ्यासक्रमाच्या शब्दांत नाही.

आणि वृद्ध रुग्ण समजायला त्याचे घर पाहावे लागते. गोळ्यांचा डबा कुठे आहे, संडास किती दूर आहे, उंबरठा किती उंच आहे, हे वॉर्डात दिसत नाही. या बाबतीत महाराष्ट्रातला एक जुना प्रयोग सांगण्यासारखा आहे. डॉ. सुशीला नायर यांनी १९६९ मध्ये, गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, सेवाग्रामला महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था सुरू केली. तिथे नवे विद्यार्थी आधी आश्रमात शिबिराला राहतात. मग प्रत्येक तुकडी एक गाव दत्तक घेते, प्रत्येक विद्यार्थ्याकडे काही कुटुंबे दिली जातात आणि पुढेही तो त्यांच्याकडे जात राहतो. हे वृद्धांसाठी आखलेले नव्हते; ग्रामीण आरोग्य शिकवण्यासाठी होते. पण त्याच चुलीजवळ बसलेल्या आजीला विद्यार्थी पुन्हा पुन्हा भेटतो. तिचे चालणे मंदावलेले, तिचा चष्मा फुटलेला, तिचे जेवण कमी झालेले त्याला दिसते. एका वेळच्या तपासणीत हे कधीच दिसणार नाही. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये कुटुंब दत्तक कार्यक्रम सर्व महाविद्यालयांना लागू केला, तेव्हा सेवाग्रामला ती गोष्ट नवी नव्हती.

जे पुस्तकात नसते

विद्यार्थी पुस्तकातून जेवढे शिकतो तेवढेच वरिष्ठांच्या बोलण्यातून शिकतो. १९७८ मध्ये अमेरिकेत ‘द हाउस ऑफ गॉड’ ही सॅम्युएल शेम यांची कादंबरी आली. तरुण डॉक्टर वृद्ध रुग्णांना ‘गोमर’ म्हणतात हे तिने जगजाहीर केले. ‘माझ्या तातडीच्या विभागातून चालते व्हा’ या इंग्रजी वाक्याचे ते आद्याक्षरी रूप. त्याच्या नऊ वर्षे आधी रॉबर्ट बटलर यांनी वयावरून होणाऱ्या भेदभावाला ‘एजिझम’ असे नाव दिले होते. आपल्याकडे वेगळा शब्द घडवावा लागत नाही. ‘वयोमानाने असायचंच’ हे दोन शब्द पुरतात. नॅशर यांच्या शिक्षकांनी हेच तर सांगितले होते.

ही वृत्ती कशी बदलायची? ड्यूक विद्यापीठात १९८० च्या दशकात ‘म्हातारपणाचा खेळ’ घेत : विद्यार्थ्यांच्या कानात बोळे, डोळ्यांवर धूसर चष्मे, आणि मग त्यांच्याशी रुग्णासारखे वागायचे. अमेरिकेतल्या मेन राज्यात २००६ पासून काही वैद्यकीय विद्यार्थी दोन आठवडे शुश्रूषागृहात रुग्ण म्हणून राहतात. ठरलेले निदान, ठरलेली चाकाची खुर्ची, दुसऱ्याच्या हातून आंघोळ. आणि आपल्या क्षेत्रातले उदाहरण म्हणजे औद्योगिक आराखडाकार पॅट्रिशिया मूर. १९७९ पासून सुमारे तीन वर्षे त्या म्हातारीचे सोंग घेऊन अमेरिका व कॅनडातल्या शहरांतून हिंडल्या. दरवाजे, बसच्या पायऱ्या, डब्यांची झाकणे आपल्याला कशी हरवतात हे त्यांनी अंगावर घेऊन पाहिले.

मला या खेळांबद्दल थोडी शंका आहे. अर्धा तास धूसर चष्मा घातल्याने दृष्टी गेल्याचा धक्का कळतो. वीस वर्षे कमी दिसत असताना माणूस कसे निभावतो ते कळत नाही. धक्क्यातून दया येते, आणि दयेने डॉक्टर मोठ्याने आणि लहान मुलाशी बोलावे तसे बोलू लागतो. मेनचा प्रयोग मला अधिक पटतो, कारण दोन आठवड्यांत कंटाळा येतो, आणि शुश्रूषागृहातला मोठा आजार तोच असतो. सेवाग्रामची पद्धत त्याहून पटते. तिच्यात सोंग नाही. समोर खरी आजी आहे आणि ती तुम्हाला नावाने ओळखते.

या घटकासाठी करायचे काम

तुमच्या घरातल्या किंवा शेजारच्या सत्तरीपुढच्या एका व्यक्तीशी तासभर बोला. परवानगी विचारून बोला, आणि त्यांना चालेल अशा वेळी. हिंदी चाचणीतले वर दिलेले प्रश्न डोळ्यांसमोर ठेवा, पण ते विचारू नका. निदान करणे आपले काम नाही. त्याऐवजी त्या व्यक्तीला दिवस, महिना, जागा आणि पैसा यांचा हिशेब कोणत्या खुणांनी लागतो ते टिपा. उपास, आठवडी बाजार, दूधवाला, मालिका, पेन्शनची तारीख, गावची जत्रा, जे असेल ते. मग त्या खुणांवरून पाच प्रश्न तयार करा, जे त्या व्यक्तीला सहज येतील आणि तुम्हाला येणार नाहीत. प्रत्येक प्रश्नापुढे तो काय तपासतो हे एका ओळीत लिहा : स्मरण, क्रम, दिशा की आकडेमोड. आधी स्वतः सोडवा आणि आपले गुण प्रामाणिकपणे लिहा. उत्तरे तपासायला त्याच आजी किंवा आजोबांकडे द्या.